तुम्ही भरलेली पानं

बाबा,

परवा तुमच्या तेराव्याला वर्कशॉपमधले तुमचे चार जुने सोबती जेवायला आले होते. पानावर बसल्यावर त्यांच्यातले एक, पांढऱ्या मिशांचे, त्यांचं नाव मला नीट आठवत नाही, म्हणाले, “प्रतापनगरच्या अख्ख्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आमच्या मिस्त्रीसारखा खरा माणूस झाला नाही. माप चुकलं तर चुकलं म्हणायचा. साहेब समोर असला तरी.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी कढी वाढत होते, माझा हात तिथंच थांबला. शेजारच्या भानुबेननी माझ्या हातातून पळी काढून घेतली आणि मला बसायला सांगितलं, “वैशालीबेन, तमे बेसो.” त्यांना वाटलं, मला रडू येतंय.

रडू नव्हतं ते. लाज होती. तुम्हाला तोंडावर खोटारडे म्हणणारं माणूस या जगात एकच, आणि ते त्या पंगतीत कढी वाढत होतं. तो शब्द मी कधी मागे घेतला नाही. त्यानंतर सहा महिने आपण एका घरात राहिलो, एका टेबलावर जुईला शिकवलं, रोज दोन वेळा मी तुम्हाला चहा दिला, आणि एवढं एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून आता लिहिते आहे. लिहिणं मला सोपं जातं, हे तुम्ही नेहमी म्हणायचात, आणि ते कौतुक नसायचं.

जुईला घरी शिकवायचं ठरलं तेव्हा तुम्ही किती नाराज होतात. तुमची नात पहिलीत गेली आणि रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही म्हणाले. मी स्वतः नऊ वर्षं शाळेत शिकवलेलं, आधी साताऱ्याला माहेरी असताना आणि लग्नानंतर इथं बडोद्यात. मी म्हटलं, मी शिकवते, पुढे बाहेरून परीक्षा देता येते. तुमचा निखिल गोरव्याच्या कारखान्यातून दमून आला होता, तो म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर शाळा. तुम्ही हिंचक्यावर झोके घेता घेता पाय थांबवलात आणि विचारलंत, “घरी शाळा केली तर मग घर कुठं जाईल?”

मी हसले. मला वाटलं, म्हातारपणची थट्टा. मी म्हटलं, घर कुठं जातंय, बाबा. पण महिन्याभरात मी घराची शाळाच करून टाकली होती. भिंतीवर वेळापत्रक. गणित, मराठी, इंग्रजी, परिसर, प्रत्येकाची वर्कबुकं, पुढच्या इयत्तेचीसुद्धा आधीच मागवून ठेवलेली. साडेनऊला पहिला तास. तास संपला की मी ताटलीवर चमचा वाजवायचे. तुम्ही तेव्हा पेपर तोंडासमोर धरायचात, आणि पेपर हलत असायचा. मला दिसत होतं तुम्ही हसताय ते.

पहिले दोन महिने जुईनं पानंच्या पानं उडवली. मी खूश. मग तिला त्या पुस्तकांचा वीट यायला लागला. पेन्सिलीला टोक काढायला पंधरा मिनिटं. पानाच्या कोपऱ्यात मांजर. प्रत्येक पानावर एक मांजर, कधी झोपलेलं, कधी शेपटी वर केलेलं, आणि बेरजा तशाच कोऱ्या. एकदा मला म्हणाली, “आई, हे सहा पक्षी मी काल पण मोजले होते. ते सहाच आहेत.” मी म्हटलं, पान वेगळं आहे. ती म्हणाली, “पक्षी तेच आहेत.” आणि पुस्तकावर गाल टेकवून पडून राहिली. मी काय केलं असेल? रोजची दोन पानं होती ती चार केली. शिक्षिकेचा स्वभाव. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. तुम्ही सहसा दारात यायचा नाहीत. म्हणालात, “वैशाली, बेटा, कानशीची धार गेली की माणूस जोर वाढवतो. नवीन पोरगं हमखास वाढवतं. मग काम पण खराब होतं आणि हात पण सोलतात. जोर नाही वाढवायचा. कानस बदलायची.” मी पोळी लाटत होते. मी म्हटलं, बाबा, मुलगी म्हणजे लोखंड नाही. तुम्ही म्हणालात, “मी मुलीला नाही म्हटलं लोखंड. मी पुस्तकाला कानस म्हटलं.” आणि गेलात. मला इतका राग आला की पोळी करपली. राग बरोबर असलेल्या माणसाचा जास्त येतो, हे मला आता चाळिशीजवळ पोचल्यावर कळतंय.

मग तुम्हीच सुचवलंत. दुपारी दोन ते चार मी वरच्या खोलीत ऑनलाइन शिकवण्या घेते, तेवढा वेळ तुम्ही जुईपाशी बसाल आणि तिची पानं करून घ्याल. मला बरं वाटलं, म्हटलं, आले सरळ. आणि खरंच, पानं भरायला लागली. रोज चार. कधी पाच. मी खाली यायचे तेव्हा वर्कबुक टेबलावर नीट ठेवलेलं असायचं, जुई घामेजलेली, हात काळे, गालावर रेघ, पण चेहरा असा की कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मी विचारायचे, झाली का पानं? ती तुमच्याकडे बघायची. तुम्ही म्हणायचात, “झाली ने.”

दर शनिवारी मी ते वर्कबुक निखिलसमोर ठेवायचे. बघ, किती पुढे गेली. तो पानं उलटायचा आणि म्हणायचा, मानलं तुला. दिवाळीची मुदत माझ्या डोक्यावर होती, आणि ती चार-चार पानं म्हणजे माझा निकाल होता. जुईचा नाही, माझा.

दसऱ्याच्या आधीचा तो शनिवार. निखिलनं गणिताचं पुस्तक उघडलं आणि एका पानावर थांबला. चित्रात पेन्सिल होती, आणि खाली प्रश्न: पेन्सिलीची लांबी किती सेंटिमीटर? चौकटीत लिहिलं होतं, ६.८. निखिल म्हणाला, “हिला दशांश कधी शिकवलेस?” मी म्हटलं, नाही शिकवले अजून. “मग हे?” मागच्या उत्तरसूचीत सात होतं. सात वर्षांच्या मुलानं पट्टी ठेवून जवळचा आकडा लिहावा, इतकंच त्या पुस्तकाचं म्हणणं. निखिलनं पट्टी आणली, लावली. पेन्सिल सहा पॉइंट आठच होती. छापणाऱ्यानं जरा आखूड छापली होती.

त्यानं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हिंचक्यावरून उठलात. जन्मभर मापात राहिलेला माणूस, अख्खं पुस्तक जुईच्या अक्षरात गिरवलंत, कुठंकुठं मुद्दाम बेरीज चुकवलीत, पण आखूड पेन्सिलीला सात म्हणणं काही तुमच्यानं झालं नाही. तुम्ही म्हणालात, “ती सात नाहीये ने. मी दोनदा मोजली.”

आज हे आठवून मला हसू येतं, आणि हसता हसता पुढचं आठवतं. निखिलनं विचारलं, ही सगळी पानं तुम्ही भरलीत? तुम्ही म्हणालात, हो. आणि मी उभी राहिले. जुई तिथंच होती, टेबलाच्या कडेला धरून. मी म्हटलं, एवढ्याशा पोरीला आईला फसवायला शिकवलंत. घरात वडीलधारं माणूस असून. मग तो शब्द. “तुम्ही खोटारडे आहात, बाबा.” मी साताऱ्याची, आवाज काही लहान नाही. भानुबेनच्या ओट्यापर्यंत गेला असणार.

तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकानं पुसलात, परत लावलात. माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, “हो. चूक झाली.” आणि निखिलला म्हणालात, “पण पोरीला लगेच शाळेत नको घालू. जरीक थांब. मार्चपर्यंत. मी म्हणतो म्हणून.” ज्यांना घरची शाळा कधी पटली नव्हती, त्यांनीच तिची बाजू घेतली. निखिल तुमचा शब्द कधी मोडायचा नाही. त्यानं पुस्तक मिटलं.

त्यानंतरचे आठ दिवस. तुम्ही टेबलाकडे फिरकला नाहीत. मी दुपारच्या शिकवण्या संध्याकाळी ढकलल्या आणि जुईला घेऊन स्वतः बसले. ती रडली नाही. नुसतं डोळ्यातून पाणी वाहायचं आणि ती लिहायची. एका पानावर मांजर काढलं आणि माझ्याकडे बघून खोडून टाकलं. ते खोडलेलं मांजर मला फार लागलं, बाबा.

सातव्या दिवशी ती टेबलावरून उठून गेली. मी मागोमाग गेले. आपल्या या टेनामेंट घराच्या मागची चोकडी, जिथं कपडे-भांडी धुतात, तिथं तुम्ही दोघं उकिडवे बसला होतात, पाठ माझ्याकडे. पाण्याच्या पिंपाला झाकण करत होतात. जुईच्या हातात कानस, तुमच्या हातात काहीच नाही. ती म्हणत होती, “आबा, दोन सूत जास्त आहे.” तुम्ही विचारलंत, “म्हणजे किती?” ती म्हणाली, “आठ सुतांचा इंच, तर दोन सूत म्हणजे पाव इंच. चार असते तर अर्धा.” अपूर्णांक पुढच्या वर्षीच्या वर्कबुकात होते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, आणि नऊ वर्षांची शिक्षिका म्हणून मला जे वाटलं ते सांगते. आधी आनंद नाही वाटला. आधी मत्सर वाटला.

दुसऱ्या दिवशी मी चहा तिथंच घेऊन आले. म्हटलं, उद्यापासून पुस्तकं माळ्यावर. पण मला कागदावर काहीतरी लागेल, मी हवेवर नाही शिकवू शकत. तुम्ही कप घेतलात. म्हणालात, “जॉब कार्ड करू.” वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला एक कार्ड असायचं: काय बनवायचं, मापं काय, कोणी केलं, काय बिघडलं. तसं एकेक कार्ड, जुईच्या हातानं, आठवड्याला एक काम. मी हो म्हटलं. माफी तिथं मागायची होती. चहा होता, तुम्ही होतात, जुई नळ सोडून हात धूत होती. मी कप उचलला आणि आत गेले.

त्या पिंपाच्या झाकणाचं पहिलं कार्ड अजून आहे. पूर्ण झालेलं झाकण जुईनं मोठ्या थाटात पिंपावर ठेवलं आणि ते सरळ आत पडलं. तिनं पिंपाच्या तोंडाचं माप आतून घेतलं होतं, बाहेरून नाही, आणि त्या मापाला आणायला झाकण आणखी पाव इंच घासून टाकलं. मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला दिसत होतं ना ती चुकतेय ते? “दिसत होतं.” मग बोलला का नाहीत? “तिला पण दिसायला पाहिजे ने.” कार्डावर तिनं लिहिलं, काय बिघडलं: झाकन बुडालं. मी ‘ण’ दुरुस्त करायला पेन उचललं तर तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. आपल्यात दुसरं भांडण तिथं सुरू झालं, आणि ते बरंच गमतीचं होतं.

किती कामं झाली मग. भानुबेनच्या तुळशीला तिवई. चिमण्यांना पाणी प्यायला टांगतं ताट. पादरा गावात तुमच्या मित्राच्या शेतावर जाऊन मिरचीच्या सरी मोजल्या, परत येताना स्कूटरवर जुई पुढे उभी राहून दुकानांच्या पाट्या वाचत होती, गुजराती आणि इंग्रजी, अडलं की तुम्हाला विचारायची, आणि तुम्ही अडलात की दोघं स्कूटर थांबवून कोणाला तरी विचारायचात. एका आठवड्यात सगळं घर मोजलं. तेव्हा गेली पस्तीस वर्षं या घरात जिला मोठी खोली म्हणतात ती लहान खोलीपेक्षा चार इंचांनी लहान निघाली. निखिलला खरं वाटेना. त्यानं स्वतः टेप लावून बघितला आणि लहानपणी बहिणीशी त्या खोलीवरून किती भांडलो ते सांगत बसला.

सगळं गोड होतं असं मात्र मी लिहिणार नाही, तुम्हाला आवडणार नाही. पाढे पाठ हवेतच हा तुमचा हट्ट, अगदी पावकी-निमकीपर्यंत, आणि मी नको म्हणायचे. मला म्हणायचात, “पुस्तक सोडायला मी सांगितलं, पाठांतर सोडायला नाही.” मी तुमच्यावर तुमचीच गोष्ट उलटवायचे. तुम्ही शिकाऊ असताना सहा महिने लोखंडाचा एकच चौकोनी ठोकळा घासत होतात, गुण्या लावला की चारही कोपरे बरोबर येईपर्यंत. तेच ते, रोज. मग ते वर्कबुक नव्हतं का? तुम्ही विचार करून म्हणालात, “ते हातात होतं. आणि उस्ताद बाजूला उभा असायचा.” मी म्हटलं, मी पण उभी असते. तुम्ही म्हणालात, “तू उभी नसतेस, बेटा. तू तपासत असतेस.” याला माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं उत्तर होतं, रविवारी जेवताना द्यायचं ठरवलं होतं. रविवारच्या आधी तो मंगळवार आला.

त्या मंगळवारच्या सकाळीबद्दल मला काही लिहायचं नाही. फोनवर इतक्या जणांना इतक्यांदा सांगून झालंय की ते आता दुसऱ्या कोणाचं झाल्यासारखं वाटतं.

फ्रिजच्या दारावर शाळेचा फॉर्म लावलेला आहे. निखिलनं आणलाय, तुमच्या दहाव्यानंतर. तो रागावून नाही म्हणत. म्हणतो, “बाबांच्या शब्दावर थांबलो होतो. आता बाबा नाहीत. तू एकटी कशी करणार? आणि परत पानांवर आलीस तर?” त्याचं चुकत नाही. मला एकटीला कानस धरता येत नाही. शनिवारी फॉर्म द्यायचा आहे.

आणि आता ते, जे मी या सगळ्या वेळात बाजूला ठेवत आले. बाबा, मला आधीच माहीत होतं. निखिलनं पट्टी आणली त्याच्या तीन आठवडे आधीपासून. मी शिक्षिका आहे, मुलांचं अक्षर ओळखण्यात नऊ वर्षं गेली. जुईचा पाच नेहमी उताणा पडतो, त्या पानांवरचे पाच ताठ उभे होते. आणि एकाही पानावर मांजर नव्हतं. पहिल्या दिवशीच कळलं. मी पुस्तक मिटलं आणि त्याच संध्याकाळी निखिलला दाखवलं. कारण भरलेली पानं मला हवी होती. पानं कोण भरतंय हे विचारलं असतं तर ती थांबली असती, आणि चोकडीत तुम्ही दोघं काय करताय हे बघितलं असतं तर मला माझं वेळापत्रक भिंतीवरून काढावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं, नाही बघितलं. निखिलनं पकडलं तेव्हा त्याच्यासमोर मला फसलेली आई व्हायचं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी तुमच्या नावानं मारल्या.

हे मी तुमच्याजवळही कबूल करू शकले नाही. मला वाटायचं, तुमच्या मनात मी निदान प्रामाणिक तरी आहे. तापट, हट्टी, पण प्रामाणिक. तेवढं राहू दे.

आज सकाळी जुई टेबलावर बसलेली दिसली. तुम्ही गेल्यापासून तिनं एका कामाला हात लावला नव्हता. बघते तर पुढ्यात गणिताचं वर्कबुक. स्टुलावर चढून माळ्यावरून काढलेलं. एक पान, दुसरं पान, सुंदर अक्षर, सगळी उत्तरं बरोबर, कोपरे कोरे. मी विचारलं, हे का गं? ती मान खाली घालून लिहीत राहिली. मग म्हणाली, “राहिलेली पुरी करते. मी तेव्हा केली असती तर तू आबाला ओरडली नसतीस.”

सहा महिने हे तिच्या पोटात होतं, बाबा. आपण तिच्यासमोर तिवया केल्या, खोल्या मोजल्या, हसलो, आणि ती मनात हे धरून होती.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. म्हटलं, जुई, तुझ्यामुळे नाही. आबामुळे पण नाही. मला माहीत होतं तो पानं भरतो ते. कितीतरी दिवस माहीत होतं. मी पप्पांसमोर खोटं वागले आणि आबाला उगाच बोलले.

मला वाटलं ती रडेल, किंवा माझा राग करेल. ती म्हणाली, “हो. आबाला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“तुला कळलंय ते. तो म्हणाला, तुझ्या आईनं बघितलंय. मी म्हटलं, मग आपण बंद करू. तर म्हणाला, नको, तिला पप्पांना दाखवायला लागतात.”

मी तिला परत विचारलं, कधी म्हणाला? दसऱ्याच्या आधी? पट्टीच्या दिवसाच्या आधी? ती म्हणाली, “खूप आधी,” आणि पाणी प्यायला उठून गेली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी तुम्हाला सगळं माहीत होतं. चष्मा पुसलात, माझ्याकडे बघितलंत, तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, वैशाली, तुलाही ठाऊक होतं ने. चार-पाच शब्द. तुमच्या मुलासमोर मी तिथल्या तिथं खोटी पडले असते, आणि घरची शाळा त्याच दिवशी संपली असती. तुम्ही “हो, चूक झाली” म्हणालात आणि सगळं स्वतःवर घेतलंत. नंतर सहा महिने माझ्या हातचा चहा प्यालात, आणि एकदाही, चिडवायलासुद्धा, तो विषय काढला नाहीत.

माफ करा मला. आणि उपकार झाले तुमचे. दोन्ही उशिरा म्हणते आहे, हे मला कळतंय.

निखिलला अजून वाटतं की त्या दिवशी चूक तुमची होती. परवा तुमचे सोबती तुमच्या खरेपणाबद्दल बोलत होते तेव्हा तो एकटा खाली बघत होता. फॉर्मचं काय करायचं ते मग ठरेल, तो म्हणेल तसंही ठरेल. तो सहाला येतो. मी ओट्यावर येऊन बसले आहे, तो बूट काढायच्या आत त्याला सांगायचंय.